पट्टा पडेपर्यंत : बीडमधल्या एका बालगृहात

सोमवार

सकाळी अहिल्यानगरहून सुटणाऱ्या बीडच्या डेमूत आम्हा दोघी मैत्रिणींना खिडकीजवळची जागा मिळाली. ही गाडी १७ सप्टेंबर २०२५ला सुरू झाली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५मध्ये मंजूर झाला होता. म्हणजे बीडच्या माणसांनी रेल्वेसाठी तीस वर्षं वाट पाहिली. कडा, आष्टी, अंमळनेर, विघनवाडी अशी एकेक स्टेशनं मागे पडत गेली. बाहेर बालाघाटाचे बोडके उतार, मधेच शाळूची हिरवी पट्टी, वेचणी उरकत आलेली कपाशी.

समोर एक आजोबा नातवाला मांडीशी घेऊन बसले होते. "पोरगा-सून कारखान्याला गेल्यात," ते म्हणाले. "दिवाळी झाली की गेल्यात. आता येतेन पट्टा पडल्यावर." पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं. दसरा-दिवाळीनंतर या भागातली गावंच्या गावं ऊसतोडीसाठी अशी रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फेडायला मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडात राबावं लागतं. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर पार बेळगावकडे. मुलं मागे आजी-आजोबांजवळ राहतात किंवा आई-बापांबरोबर जातात. बरोबर गेली की शाळा तुटते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून जवळच्या शाळेत बसता येतं. पण टोळी या फडातून त्या फडात हलत राहते. पत्रक कुठल्या शाळेत दाखवायचं आणि तिथवर मुलाला रोज सोडायचं कुणी?

आम्ही आठवडाभर मदतीला जिथे निघालो होतो तिथे याच प्रश्नावर बरीच वर्षं काम चाललं आहे. एकाच आवारात वसतिगृह, बालगृह आणि दहावीपर्यंतची शाळा. ऊसतोड कामगारांची मुलं सगळ्यात जास्त. काही वडिलांनी आत्महत्या केलेल्या शेतकरी घरांतली, काही बालकल्याण समितीकडून आलेली. संस्थेचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. फोटोही काढले नाहीत.

दुपारी बीडला उतरलो. जीप घ्यायला आली होती. आवारात शिरल्यावर वसतिगृहाच्या ताई पहिल्यांदा आम्हाला पडवीतल्या फळ्याजवळ घेऊन गेल्या. त्यावर खडूनं आमची नावं लिहिली होती, पुढे काम आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात : 'रविवारी जाणार'. येणाऱ्या प्रत्येकाचं असं लिहितात. मुलांना पहिल्या दिवसापासून कळलेलं असावं, की हा माणूस किती दिवसांचा. ताईंचे बाकीचे नियम थोडके होते. एकट्या मुलाला काही द्यायचं नाही. आई-वडिलांविषयी आपण होऊन विचारायचं नाही. आणि 'परत येईन' हे शब्द तारीख ठरल्याशिवाय तोंडातून काढायचे नाहीत. "पोरं तारखा मोजत बसतात," एवढंच कारण त्यांनी दिलं.

तरी संध्याकाळी परवच्याला बसलो तेव्हा शेजारच्या पाचवीतल्या मुलीनं पहिला प्रश्न तोच विचारला. "तुमी किती दिस ऱ्हानार?" रविवारपर्यंत, मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुढचा पाढा सुरू केला.

मंगळवार

पाचला घंटा. डिसेंबराच्या शेवटी बालाघाटावर थंडी चांगलीच असते. चुलाणावर पाण्याचा मोठा हंडा आणि समोर बादल्यांची रांग. मोठी मुलं छोट्यांना आंघोळ घालतात, मोठ्या मुली छोट्यांच्या वेण्या घालतात आणि घालता घालता डोक्यात उवा-लिखा बघून घेतात. खरूज असलेल्यांचे कपडे वेगळे उकळायचे. या वेळेला कुणी कुणाला हाक मारून सांगत नव्हतं, ज्याचं काम त्याला ठाऊक.

निजायच्या खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं नाव, बारकं कुलूप, आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. एका चौथीतल्या मुलानं आपली पेटी उघडून दाखवली. घडी केलेला स्वेटर, कंपासपेटी, साबणाची डबी, आईचं नि वडिलांचं जत्रेत काढलेलं फोटो-कार्ड, आणि तळाशी बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी. बैल गेल्या साली विकला. घंटी त्यानं मागून घेतली होती. दाखवून झाल्यावर त्यानं सगळं पहिल्यासारखं लावलं, कुलूप ओढून बघितलं आणि भाकरीच्या पंगतीला पळाला.

माझ्या मैत्रिणीचं काम आज सुरू झालं. ती ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचे नंबर तपासणारी आहे. शाळेच्या लांब वर्गात तिनं टेपनं सहा मीटर मोजून खूण केली आणि भिंतीवर तक्ता लावला. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा तक्ता असतो, त्यात तीन दांड्यांचं एकच चिन्ह वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवलेलं. मुलानं फक्त हाताची बोटं त्या दिशेला धरायची. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. मी नावं लिहून घेत होते. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन तपासण्या करतं, त्यांची नोंदवहीही आम्ही समोर ठेवली होती. पण मधल्या काळात मुलं वाढतात, नंबर लागतो, नवी मुलं दाखल होतात.

सहावीतली एक मुलगी आली. उंच म्हणून मागच्या बाकावर बसवलेली. तक्त्याच्या दुसऱ्या ओळीपुढे तिची बोटं थांबली. तिचे वर्गशिक्षक तिथेच होते. ते म्हणाले, "ही शेजारणीच्या वहीतूनच उतरवती. मला वाटायचं, टाळाटाळ करती." मैत्रिणीनं तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर बसवली आणि एकेक भिंग घालून बघितलं. तिसऱ्या का चौथ्या भिंगाला मुलीनं तक्ता सोडून भलतीकडेच बघायला सुरुवात केली. समोरच्या भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा कागद डकवलेला होता. ती तो मोठ्यानं वाचायला लागली : सोमवार, मटकी; मंगळवार, पिठलं; बुधवार, येसर आमटी. शनिवारपर्यंत वाचून झाल्यावर शिक्षकांकडे वळून म्हणाली, "सर, हे हितं लिव्हलेलं व्हतं व्हय?"

सर काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतः तिचा बाक पुढे ओढून घेतला.

रात्री फोनची वेळ. मंगळवारी आणि शनिवारी पालकांचे फोन येतात. दोन मोबाइल, एक मुलांच्या बाजूला, एक मुलींच्या. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. फडात रेंज नसेल तर आई-बाप उकिरड्यावर, गाडीवर, कुठं कुठं चढून फोन लावतात. मला वाटलं होतं मुलं रडतील. एखाद-दुसरं सोडलं तर कुणी रडलं नाही. बैलांनी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाल्लं का, धाकट्याचा ताप उतरला का, गाडीचा टायर कुणी बदलला, असे कामाचे प्रश्न. एका मुलीनं आईला बजावलं, "पहाटं थंडीत पायताण घालून जात जा फडात." ती दुसरीत आहे.

बुधवार

मला नेमून दिलेलं काम वाचनचाचणीचं. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकट्याला समोर बसवून वाचायला लावायचं. ही पद्धत प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५पासून वापरली जाते. आधी एक छोटा परिच्छेद. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. म्हणजे मूल कुठं अडतं ते पाच मिनिटांत कळतं. इयत्ता विचारातच घ्यायची नाही. मग सारख्या पातळीच्या मुलांचा गट करून रोज तासभर त्या पातळीचंच शिकवायचं. इथल्या शिक्षकांना हे माहीत आहे, जमतंही. फक्त वर्ग सांभाळून एकेका मुलाला एकटं घेऊन बसायला त्यांना सवड होत नाही. बाहेरून आलेल्या माणसानं नेमकं हेच करावं.

चौथीतला एक मुलगा यंदाच आलेला. त्याआधी तीन हंगाम तो आई-बापांबरोबर फिरला होता. अक्षरं सगळी ओळखली. 'कमळ' जमलं. 'पाऊस'ला थांबला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी कागद बाजूला ठेवून त्याला विचारलं, तुमची गाडी किती ऊस नेते? त्याचा चेहराच पालटला. "टायरगाडीत दोन-अडीच टन बसतो. बैल चांगले असले तर." मग टनाला किती मिळतात? "तीनशे सहासष्ट." दोन टनाचे? "सातशे बत्तीस," पटकन. "मुकादमाचं कमिशन निराळं." जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून ठरला तेव्हा हा मुलगा फडातच होता, त्याला आकडा पाठ असणारच. तीन आकड्यांचा गुणाकार तोंडी करणारा हा मुलगा शाळेच्या दफ्तरात 'अप्रगत' म्हणून लागतो, याचं मला फार वाईट वाटलं. तो कुठेही कमी नाही. त्याच्या वाट्याला दरवर्षी निम्मी शाळा आली, त्याला तो काय करणार?

संध्याकाळी मी कपाटातली पुस्तकं लावली. देणगीतून आलेल्या पुस्तकांत स्पर्धापरीक्षांचे गाइड, जुने इंग्रजी विश्वकोश, कुणाच्या तरी अकरावीच्या नोट्स. मुलांच्या हातात पडली होती ती प्रथम बुक्सची, नॅशनल बुक ट्रस्टची, मोठ्या टायपातली, पानावर दोन ओळी नि मोठं चित्र असलेली पातळ पुस्तकं. ती मोजकी, आणि हाताळून पार लक्तरं झालेली. पुस्तकं द्यायची असतील तर ही द्यावीत, मराठी आणि नवी.

गुरुवार

एक जानेवारी. नव्या वर्षाचा म्हणून शहरातून एक ग्रुप केक, फुगे आणि जेवण घेऊन आला. माणसं भली होती. मुलांनी दोन गाणी म्हटली, केक खाल्ला, आभार मानले. दोन तासांनी गाड्या गेल्या.

मी मात्र दुपारभर संस्थेच्या सरांबरोबर हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. माझं रोजचं काम तेच, ते इथं उपयोगी पडलं. एक गोष्ट वहीच्या पानापानावर दिसते. वाढदिवसाचं, पुण्यतिथीचं जेवण द्यायला लोक मिळतात. थंडीत ब्लँकेटं मिळतात. खोली बांधायची म्हटली तर तिलाही पैसे मिळतात, कारण कोनशिलेवर नाव लागतं. पगाराला मात्र कुणी देत नाही. "एवढे पगारावर जातात का?" असं देणगीदार विचारतात, जणू पगार ही उधळपट्टीच. आणि इथं सगळं चालतं ते पगारी माणसांच्या जिवावर.

वसतिगृहाच्या ताईंचाच दिवस बघा. पहाटे साडेचारला उठतात. मुलींच्या खोलीत दाराशी त्यांची गादी. रात्रीतून कुणी अंथरूण ओलं केलं, तर इतर मुली उठायच्या आत त्या चादर बदलून टाकतात. कुणाला ताप भरला तर दवाखान्यात रात्र काढायची. कुठल्या मुलीला पाळी सुरू झाली, कोण कालपासून जेवत नाही, कोणाचा बाप दारू पिऊन फोन करतो, सगळं त्यांच्या डोक्यात. सोबतीला आणखी एक ताई होत्या, त्या लग्न होऊन गेल्या. ती जागा भरायला पैसे नाहीत, म्हणून दिवाळीपासून यांना एक दिवसाची रजा नाही. मूल अशा जागी रुजतं ते तेच माणूस सकाळी, रात्री, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी समोर दिसतं म्हणून. आमच्यासारख्या आठवडाभर येणाऱ्यांनी हे विसरू नये. आमचं काम ताईंच्या डोक्यावरचं थोडं उतरवणं, एवढंच आहे.

शुक्रवार

आज ताईंबरोबर माजलगावच्या बाजूला गेले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली तिसरीतली एक मुलगी परत आली नव्हती. आई-बाप तिला घेऊन तिकडेच ऊसतोडीला गेले होते. जीपनं अडीच तास. कालव्याचं पाणी आलं तसा रंग बदलला, दोन्ही बाजूंना ऊस.

रस्त्याकडेला मोकळ्या रानात कोप्या. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री आणि पाचट, आत वाकून शिरावं लागतं. बाहेर तीन दगडांची चूल, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी, वाढ्याच्या पेंढ्या विकायला बांधून ठेवलेल्या. संडास नाही, दिवा नाही. माणसं पहाटे चारला फडात गेलेली. कोप्यांमध्ये उरली होती पोरं, आणि पोरांना सांभाळणारी पोरं. आमची मुलगी वर्षाच्या भावाला कमरेवर घेऊन उभी होती. ताईंना बघून ती हसली आणि मग लगेच कोपीत जाऊन बसली.

दुपारी आई आली. डोक्याला फडकं, हातांवर पात्यांचे ओरखडे. तिनं आधी मुलाला पाजायला घेतलं आणि मग बोलली. "मला का कळत न्हाई ताई? पर ह्याला कुठं ठिवू? फडात सरीत निजवलं तर गेल्या साली तिकडं एका लेकराच्या अंगावरनं ट्रॅक्टर गेला." याला उत्तर काय द्यायचं? ताईंनी उपदेश केला नाही. आजी गावाकडे एकटीच आहे, तिला इथं बोलावता येईल का, ते विचारलं. बापाशी बोलल्या. मग मुकादमाशी बोलल्या, कारण आजीला आणायचं भाडं आणि कोपीत आणखी एक माणूस, याला त्याची ना नसावी लागते. तासभर हे चाललं होतं. शेवटी संक्रांतीपर्यंत आजी येईल आणि मुलगी शाळेत जाईल असं ठरलं. तारीख पक्की झाली तेव्हाच ताई मुलीजवळ गेल्या आणि तिला सांगितलं.

परतताना ताई मुलींविषयी बोलत राहिल्या. आठवी-नववीतली मुलगी गावात एकटी ठेवायला आई-बाप घाबरतात आणि फडावर न्यायलाही घाबरतात. मग लग्न लावून टाकतात. लग्न झालं की नवा कोयता तयार. बीडमधल्या बालविवाहांचं मूळ बऱ्याच अंशी इथं आहे. मुलीला हंगामभर सुरक्षित राहायला जागा मिळाली, तर तेवढ्यानंच लग्न दोन-चार वर्षं पुढे जातं. म्हणून वसतिगृह दहावीला थांबून चालत नाही. अकरावी-बारावीच्या मुलींसाठी इथं दोन खोल्या राखून ठेवल्यात. शासनानंही २०२१मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. ही योजना पूर्ण ताकदीनं उभी राहिली पाहिजे. संस्था कितीही राबल्या तरी लाखो कुटुंबांचा प्रश्न त्यांच्या दोन-चार इमारतींत मावत नाही.

शनिवार

तीन जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. सकाळी मैदानात कार्यक्रम. भाषणं मुलींनीच केली. नववीतल्या एकीनं १८४८ची भिडे वाड्यातली शाळा सांगितली आणि मग कागद खाली ठेवून स्वतःचं बोलली : माझी आई पाचवीतून निघाली, मोठी बहीण सातवीतून, मी नववीत आहे आणि मला नर्सिंगला जायचंय. पुढे बसलेल्या स्वयंपाकाच्या मावशींनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. त्या स्वतः वीस हंगाम कोयत्यावर होत्या.

उरलेला दिवस कागदांत गेला. चाचणीचे गट शिक्षकांच्या हवाली केले. सोमवारपासून रोज पहिला तास पातळीप्रमाणे बसायचं त्यांनी ठरवलं. शब्दांना अडलेल्या मुलांचा गट सगळ्यात मोठा निघाला, आणि त्यात बहुतेक मुलं फडावरून उशिरा आलेली. चष्मे लागणाऱ्यांची यादी झाली. ज्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच न्यायला हवं त्यांची वेगळी. फ्रेम लवचीक आणि मागून पट्टा असलेली हवी, नाहीतर कबड्डीत पहिल्याच दिवशी मोडेल, असं मुलांनीच सुचवलं. सहावीतल्या त्या मुलीनं लाल रंग सांगितला आहे.

रविवार

परतीला एसटी. गाडीत बसल्या बसल्या मैत्रिणीनं आणि मी आमच्या पुण्यातल्या मंडळींना फोन लावले. गुरुवारच्या वह्यांतलं सगळ्यांना नीट सांगितलं : जेवण नको, ब्लँकेट नको, दुसऱ्या ताईंचा पगार द्यायचा आहे. जून ते मे, पूर्ण वर्ष, आणि वर्षाच्या शेवटी थांबायचं असेल तर तीन महिने आधी कळवायचं. नगर येईपर्यंत पाच घरं तयार झाली. सरांना कळवलं तर ते म्हणाले, जाहिरात एप्रिलमध्ये देतो, शक्यतो ऊसतोडीच्या घरातलीच, बारावी झालेली मुलगी बघतो. ताईंचा निरोप वेगळा आला : पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोचले पाहिजेत, नव्या मुलीला उसनवारी करायला लावायची नाही.